सलग नऊशे सत्त्याण्णव दिवस

अंबडच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत. पत्रा कापायचा, दाबायचा, भोकं पाडायची, कडा घासायच्या आणि पाठवून द्यायचा. कामगार दोनशे चाळीस, त्यातले निम्म्याहून जास्त कंत्राटी. आणि या दोनशे चाळीस जणांच्या बोटांची, डोळ्यांची, पायांची काळजी वाहायला एकच बाई, मालिनी गायधनी, सुरक्षा विभाग. विभाग कसला, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि त्या स्वतः!

वय छप्पन्न. लग्न राहून गेलं. नको म्हणून नव्हे, आईच्या आजारपणात ते बघायला कोणाला सवड झाली नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली. भाऊ ढुंढिराज रामकुंडावर यजमानांची कृत्यं करतो, त्याचं बिऱ्हाड पंचवटीत. मालिनीबाई सिडकोत, पवननगरच्या बाजूला, दोन खोल्यांत एकट्या. संध्याकाळी सहाला दाराचं कुलूप काढलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते लावेपर्यंत त्यांना कोणाशी एक शब्द बोलावा लागत नसे. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून पसार.

कारखान्यात मात्र तोंडाला विश्रांती नव्हती. दर सोमवारी पहिल्या पाळीला दहा मिनिटं उभं करून त्या सगळ्यांची हजेरी घेत.

"अपघात म्हटलं की तुम्हाला स्फोट आठवतो, ट्रक आठवतो. अरे बाबांनो, माणसं वाघाच्या तोंडी जातात किती आणि मोरीच्या फरशीवर पडतात किती! जिन्यावर पाय सटकतो, पंखा पुसताना तोल जातो, गरम तव्याला हात लागतो. रोज, घरोघर. पेपरात येत नाही म्हणून झालं नाही, असं असतं का? बरं, सगळ्यात जास्त धोका कोणाला?"

"नव्या पोरांना!" मागून कोणीतरी ओरडे.

"आणखी?"

"म्हाताऱ्यांना!"

"आणि एकट्याने काम करतो त्याला. पडलात तर उचलायला कोणी नाही, ओरडलात तर ऐकायला कोणी नाही. म्हणून उंचावरचं काम एकट्याने करायचं नाही. शिडी घ्यायची आणि शिडी धरायला दुसरा माणूस घ्यायचा. स्टुलावर चढलेला दिसला कोणी, तर मी गय करणार नाही, सांगून ठेवते."

आणि खरोखरच करत नसत. एकदा रंगाच्या डब्यावर उभ्या राहिलेल्या सुपरवायझरला त्यांनी सगळ्यांदेखत खाली उतरवून असा झापला होता, की तो आठवडाभर त्यांच्या वाटेला गेला नाही.

गेटच्या आत डाव्या हाताला हिरवा फलक होता. वर लिहिलेलं, 'अपघाताविना सलग दिवस', आणि खाली खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे पांढरे आकडे. ते बदलायचं काम खरं तर शिपायाचं. पण मालिनीबाईंनी ते आपल्याकडे ओढून घेतलं होतं. सकाळी सहा चाळीसला त्या यायच्या, आकडा बदलायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या. सातच्या पाळीची माणसं आत शिरता शिरता विचारायची, "मॅडम, आज किती?" डोळ्यांसमोर फलक असायचा, वाचता सगळ्यांना यायचं, तरी विचारायची. मालिनीबाई सांगायच्या, "आठशे बारा." "आठशे तेरा." ऐंशी माणसं ऐंशी वेळा विचारणार, त्या ऐंशी वेळा सांगणार. त्यांना त्याचा कंटाळा येत नसे. खरं सांगायचं तर त्याच वीस मिनिटांसाठी त्या थंडीवाऱ्यात पहाटे उठत होत्या.

फलकाजवळच वॉचमनची केबिन. धोंडीराम सिन्नरकडचा, साठीला टेकलेला. तो स्टोव्हवर चहा ठेवायचा आणि आपल्यातला अर्धा त्यांना द्यायचा. "घ्या मॅडम, निम्मा तुमचा, निम्मा माझा. हिशेबात खोट नाय." रोज हेच वाक्य, रोज तेच हसू. नाशिकात आपलं म्हणावं असं एक माणूस दाखवा, असं कोणी विचारलं असतं, तर मालिनीबाईंनी भावाचं नाव घेण्याआधी क्षणभर विचार केला असता.

आधी आकडा दोनशे, तीनशेपर्यंत चढायचा आणि कोणाचं तरी बोट जायचं, की पुन्हा शून्य. या खेपेला मात्र तो चढतच गेला. नऊशेच्या सुमारास मालकांनी जाहीर केलं, की हजार दिवस पुरे झाले तर प्रत्येक कामगाराला पाच लिटरचा कुकर. प्रत्येकाला म्हणजे कंत्राटी माणसालासुद्धा! आजवर दिवाळीच्या मिठाईचा पुडाही ज्यांच्यापर्यंत पोचला नव्हता त्यांना हे ऐकून आधी खरंच वाटेना. मग आकड्याला भलताच मान आला. लोक मालिनीबाईंना पेरू आणून देऊ लागले, तिळाची चिक्की आणून देऊ लागले. "मॅडम, जपा हां आपल्या आकड्याला."

आणि एक गंमत झाली. कारखान्यात कोणाला काही लागेनासंच झालं. जे काही कापायचं, भाजायचं, चेचायचं, ते सगळं घरी. प्रेसवरचा रहेमान अंगठ्याला रुमाल गुंडाळून आला. "घरी सुरीनं कापलं, मॅडम. शकीला कांदे चिरत होती, मी म्हटलं दे मी चिरतो." रुमालावर मशीनच्या तेलाचा काळा डाग होता. कोणाच्या पायावर घरी गॅसची टाकी पडली, कोणाच्या डोळ्यात घरी लाकडाचं कुसळ गेलं. घरं भारीच धोकादायक झाली होती बाई! मालिनीबाईंना काय कळत नव्हतं? सत्तावीस वर्षं हेच केलं होतं. पण तो तेलाचा डाग पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "धनुर्वाताचं इंजेक्शन घे." आणि अपघातांची वही उघडली नाही.

डिसेंबरातला गुरुवार होता. अशी थंडी, की बोलताना तोंडातून वाफ निघावी. फलकावर नऊशे शहाण्णव होते. शिडी स्टोअरमध्ये, स्टोअर उघडणार आठला. म्हणून मालिनीबाई नेहमीसारखं धोंडीरामच्या केबिनबाहेरचं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आल्या. हो, स्टूलच. दुनियेला शिडी सांगणारी बाई स्वतः वर्षानुवर्षं स्टुलावर चढत होती. शिडी धरायला दुसरा माणूस मागायचा कोणाकडे, आणि अर्ध्या मिनिटाच्या कामाला कशाला, असं त्यांचं म्हणणं. एरवी धोंडीराम जवळ उभा तरी असायचा. त्या दिवशी केबिन रिकामी होती.

सहाचा आकडा काढला, सात हातात घेतला, टाचा उंचावल्या. स्टुलावर दव होतं. पुढचं त्यांना नीट आठवत नाही. डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि त्या सिमेंटवर आडव्या पडल्या, उजवा हात अंगाखाली. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

"अहो! कोणी आहे का?"

कोणी आलं नाही. आत कुठेतरी कॉम्प्रेसर धडधडत होता.

"धोंडीराम! अहो धोंडीराम!"

काही नाही. गार सिमेंटवर गाल टेकून त्या पडून राहिल्या आणि एखाद्या पोरीसारखं त्यांना रडू आलं. आणि मग एकदम वाटलं, बरं झालं. बरं झालं कोणी नाही ते! कोणी पाहिलं असतं तर हा अपघातच. कारखान्याच्या आवारात, कामावर, हाड मोडलं. आकडा शून्य. तीन दिवस उरले असताना, आणि तोही सुरक्षा विभागाच्या बाईमुळे, स्टुलावरून पडून! दोनशे चाळीस कुकर गेले असते. त्यापेक्षा मोठं म्हणजे उद्यापासून गेटात शिरताना कोणी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नसतं.

त्या उठल्या. साताचा पत्रा पायाशी पडला होता. डाव्या हाताने तो उचलला, स्टूल पदराने पुसलं, भिंतीला खांदा टेकवून पुन्हा वर चढल्या आणि डाव्या हाताने सात टांगला. सलग नऊशे सत्त्याण्णव दिवस अपघाताविना.

थोड्या वेळाने धोंडीराम आला. "मागच्या गेटला गाडी आली व्हती," तो न विचारताच म्हणाला. त्या दिवशी त्याने अख्खा पेला भरून दिला आणि स्वतः घेतलाच नाही. मालिनीबाईंनी डाव्या हाताने चहा प्यायला. दिवसभर उजवा हात शालीखाली ठेवला आणि दात आवळून बसून राहिल्या.

संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरकडे गेल्या.

"कसं झालं?"

"घरी. बाथरूममध्ये पाय घसरला."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

दुसरं उत्तर खरं होतं, म्हणून की काय पहिलंही सहज निघून गेलं. डॉक्टर प्लॅस्टर करता करता म्हणाले, "तुमच्या वयाच्या बायकांचं हेच हो. आठवड्याला पाच-सहा तरी येतात. एकट्या राहता, तर भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या." त्या बरं म्हणाल्या.

घरी येऊन भावाला फोन लावला. "हं बोल मालू, यजमान बसलेत," ढुंढिराज म्हणाला. मागे कोणीतरी संकल्प सांगत होतं. हात मोडल्याचं ऐकून तो हळहळला, रविवारी येतो म्हणाला. त्या रविवारी दर्श अमावास्या होती. रामकुंडावरच्या माणसाला अमावास्येला कुठली सवड? हे त्याला आठवलं नाही, मालिनीबाईंना फोन ठेवताच आठवलं.

एका हाताने जगणं म्हणजे काय असतं, ते त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. दुधाची पिशवी दातांनी फोडली. ब्लाउजचे हूक लावायला वीस मिनिटं लागली. अंबाडा काही जमेना. शेजारच्या दाराशी जाऊन बेल वाजवावी असं मनात आलं, बोटही वर गेलं, पण त्या घरात गेल्या चार वर्षांत आपण एकदाही गेलो नाही हे आठवून हात खाली आला. मोकळे केस चिमट्यात धरून तशाच निघाल्या.

गेटात रहेमानच पहिला भेटला. "अरे अरे मॅडम! घरी पडलात ना?"

प्रश्नातच उत्तर तयार मिळालं. त्यांचा जीव भांड्यात पडला. "हो रे, बाथरूममध्ये."

"जपायचं ना मॅडम, एकट्या असता." मग सगळेच तसं म्हणाले. घरी पडलात ना, जपा, एकट्या असता. आकडा त्या दिवसापासून धोंडीराम टांगू लागला. त्याच्यासाठी शिडी, आणि शिडी धरायला शिपाई.

हजाराव्या दिवशी, रविवार असूनही सगळ्यांना बोलावून, मांडव पडला. मालकांनी भाषण केलं, कुकर वाटले, पुरीभाजीचं जेवण झालं. मनुष्यबळ विभागातली हर्षाली, गोड पोरगी, माइक हातात घेऊन म्हणाली, "ज्यांनी हजार दिवस आपल्याला सुरक्षित ठेवलं त्या गायधनी मॅडम स्वतःच्या घरी मात्र पडल्या! म्हणून त्यांना कंपनीकडून ही खास भेट." आणि तिने त्यांच्या डाव्या हातात बाथरूममध्ये अंथरायची रबरी जाळी दिली. वर लाल फीत बांधलेली होती. टाळ्या वाजल्या. अशा वाजल्या, की थांबेचनात. दोनशे चाळीस माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मालिनीबाईंना भरून आलं. वाटलं, खोटं बोलले ते वाया गेलं नाही. हात वाकडा जुळला तरी चालेल.

दोन दिवसांनी पहिली पाळी सुटल्यावर रहेमान त्यांच्या टेबलापाशी आला. हातात तीन ताळी डबा.

"शकीलानं दिलाय. नव्या कुकरात पहिला मटारपुलाव केला, म्हणाली पहिला डबा मॅडमला. एका हातानं काय करत असतील बिचाऱ्या."

"अरे, कशाला एवढं!" मालिनीबाईंनी पटकन डोळे पुसले. मांडवातली पुरीभाजी सोडली तर हात मोडल्यापासून त्या बिस्किटांवरच होत्या. "बस ना."

तो बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मनापासून बोलू लागला. "मॅडम, एक सांगू? आम्ही सगळे तुम्हाला मानतो. ज्या हिंमतीनं तुम्ही उठलात ना, आणि परत स्टुलावर चढून साताचा पत्रा लावलात, अल्ला कसम, मी घरी शकीलाला सांगितलं, अशी बाई बघितली नाही. आमच्यासाठी केलंत तुम्ही."

मालिनीबाईंना आधी काही कळलंच नाही.

"तू पाहिलंस?"

"म्हणजे... हो. मी, धवल आणि पॉलिशवाला झीशान. सायकली लावत होतो, शेडमध्ये."

"मी पडले तेव्हा?"

"हो."

"मी हाक मारली, ती ऐकलीत?"

रहेमान टोपीची कड चाचपू लागला. "ऐकली ना. लय वाईट वाटलं मॅडम, खोटं नाही सांगत. झीशान तर धावतच निघाला होता. मीच त्याचा हात धरला. म्हटलं, जवळ गेलो तर आपण पाहिलं असं होतं. मग ते नोंदवावं लागतं, तुम्हीच शिकवलंय. तीनच दिवस राहिले होते. आणि तुम्ही स्वतःच नंतर काही बोलला नाहीत. म्हणून मग सगळ्यांनी ठरवलं, मॅडमच्या मनात आहे तसंच आपण म्हणायचं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांना माहीत आहे, मॅडम."

म्हणजे त्या टाळ्या! त्या जाळीला, त्या लाल फितीला, घरी पडल्याला वाजलेल्या टाळ्या. एकूण एक माणूस जाणून होता आणि वाजवत होता. रहेमानच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तो कौतुक करायला आला होता. त्याचंच त्यांना जास्त लागलं. गार सिमेंटवर आपण एकट्या आहोत असं समजून त्या रडल्या होत्या. आणि पंचवीस पावलांवर तीन माणसं एकमेकांचे हात धरून गप्प उभी होती. एकटं असणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. हे त्याहून वाईट होतं.

राग कोणावर काढायचा? तेलाचा डाग पाहून वही न उघडणारं कोण होतं?

मालिनीबाईंनी कपाटातून अपघात नोंदीचा कागद काढला आणि डाव्या हाताने लिहायला घेतलं. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वाकडी आली. नाव. वय. विभाग. तारीख, गुरुवारची. ठिकाण, मुख्य गेट, फलकाखाली. कारण, दव पडलेल्या स्टुलावर एकट्याने चढणे.

रहेमानच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, हे काय करताय? आकडा शून्यावर जाईल. कुकर परत मागतील. नोकरी तुमची..."

"कुकर कोणी परत मागत नाही. मी मागू देणार नाही."

"पण मिळणार काय तुम्हाला?"

"मी पडले होते, रहेमान. एवढं कुठेतरी लिहिलेलं असू दे." त्यांचा आवाज चढला होता. "खाली साक्षीदाराची जागा आहे. सही करशील?"

"माझ्या पोरीची, रिदाची, परीक्षा आहे मार्चमध्ये," तो म्हणाला. "मी कंत्राटी आहे, मॅडम. पाहिलं आणि लपवलं म्हणून उद्या गेटाबाहेर उभं करतील. माझं नाव नको."

"नको तर नको."

त्यांनी रकान्यात लिहिलं, 'साक्षीदार तीन. नावे देत नाही. कोणी जवळ आले नाही.' आणि त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं.

रहेमान उठला. दारापर्यंत गेला. तिथे थांबून, वळून न बघता म्हणाला, "तीन नका लिहू, मॅडम. चार होतो."

"चौथा कोण?"

"धोंडीराम. तो शेडमध्ये आमच्या अगोदरपासून होता. त्याचा हात कोणाला धरावा लागला नाही, तो निघालाच नव्हता... तो खालीच बघत उभा होता. मागच्या गेटला त्या दिवशी गाडी आलीच नव्हती."

तो गेला. बाहेर दुसऱ्या पाळीची मशीनं सुरू झाली, टेबल थरथरू लागलं. मग मालिनीबाईंनी तीन खोडलं, चार लिहिलं, आणि कागद घेऊन मॅनेजरच्या केबिनकडे निघाल्या.